‘डीएलएल सापडत नाही’ असं स्क्रीनवर आलं तर

मागच्या पावसाळ्यात शिरोलीच्या एका फाउंड्रीतून सकाळीच फोन आला : “काट्याचं सॉफ्टवेअर गेलं, गेटवर ट्रक थांबलेत.” गेलं काहीच नव्हतं. कॉम्प्युटर नवा घेतला होता आणि जुन्यावरची फक्त ईएक्सई, म्हणजे प्रोग्राम सुरू करणारी फाइल, पेनड्राइव्हवरून नव्याच्या डेस्कटॉपवर टाकली होती. तिच्या शेजारच्या डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या जोडफाइली, म्हणजेच लायब्ररी) जुन्या मशीनवरच राहिल्या.

आम्ही करून दिलेलं मॉड्यूल (सॉफ्टवेअर) एकटं चालत नाही. काट्याचं वजन वाचायला एक लायब्ररी, पावती छापायला दुसरी, एक्सेल रिपोर्टला तिसरी. विंडोज या फाइली आधी ईएक्सईच्या फोल्डरमध्ये बघते, मग सिस्टिम फोल्डरमध्ये, पाथमधल्या (विंडोजच्या शोधयादीतल्या) जागांवर अगदी शेवटी. डेस्कटॉपवर हवं असेल तर शॉर्टकट करा. फाइल जागची हलवू नका. मशीन बदलताना अख्खं फोल्डर न्या, किंवा सरळ आमचा सेटअप चालवा.

फाइल जागेवर आहे, तरी संदेश तोच? मग बहुतेक वेळा त्या डीएलएलला लागणारी दुसरीच फाइल नसते. नाव एमएसव्हीसीपी किंवा व्हीसीरनटाइमने सुरू होत असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रीडिस्ट्रिब्युटेबल (या फाइलींचा तयार संच) टाका. आमचं मॉड्यूल ३२ बिटचं असेल तर विंडोज ६४ बिटची असली तरी तेही ३२ बिटचंच लागतं. अँटिव्हायरसची क्वारंटाइन यादीही (संशयावरून बाजूला काढलेल्या फाइलींची) एकदा बघा.

३२ आणि ६४ची भानगड म्हणजे मेट्रिक बोल्टला इंची नट : दोन्ही चांगले, पण आटे बसत नाहीत. त्यात ६४ बिटच्या विंडोजची गंमत अशी, की सिस्टिम३२ फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या सिसवाव६४मध्ये. (हे बारसं आमचं नव्हे.) म्हणून हाताने डीएलएल तिथे टाकून बघू नका. आणि ‘फुकट डीएलएल’वाल्या साइटवरून तर मुळीच उतरवू नका, त्यातून व्हायरस घुसला तर काट्याबरोबर बिलिंगही बसेल.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या रिपोर्टला ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं, तर मशीनवर दोन पायथन आहेत का बघा. रिपोर्टला लागणारं पॅकेज एकात टाकलेलं असतं, रिपोर्ट दुसऱ्यातून चालतो.

फोन करण्याआधी ‘ओके’ दाबू नका. वरच्या पट्टीसकट पूर्ण संदेशाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि काल-परवा काय बदललं तेही लिहा : विंडोज अपडेट, नवा प्रिंटर, ऑफिस पुन्हा टाकलं, काहीही.