गळ्यातला त्रिकोण

मावशीने पार्ल्यातल्या एका मराठी शाळेत 31 वर्षं भूमिती शिकवली. निवृत्तीनंतर ती व्हिडिओ कॉल करायला शिकली आणि तिथूनच हा विषय सुरू झाला. फोन मांडीवर, मान खाली, त्यामुळे पडद्यावर आधी गळा दिसायचा आणि मग चेहरा. एका संध्याकाळी बोलता बोलता ती थांबली, हनुवटीखाली बोटं फिरवली आणि म्हणाली, "अगं, हा तर आईचा गळा आहे. माझा कुठे गेला?"

त्या दिवशी मी तिला "या वयात काय करायचंय" असं म्हणाले. ते चुकलंच माझं. पुढच्या सात-आठ महिन्यांत तिच्यासोबत डॉक्टरांकडे फिरताना आणि त्या निमित्ताने वाचताना गळ्याची रचना मला पहिल्यांदा नीट कळली. ती कळल्याशिवाय गळा तरुण करून देणाऱ्या उपायांच्या बाजारात पाऊल टाकू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

मराठीत आपण पुढचा तो गळा आणि मागची ती मान असा फरक करतो. वय दिसतं ते गळ्यावर. तिथली कातडी चेहऱ्यापेक्षा पातळ असते, तिच्यात तेलग्रंथी कमी असतात आणि सनस्क्रीन लावणारा हात सहसा जबड्यापाशीच थांबतो. सूर्याचे अतिनील-ए किरण ढगातून येतात, बसच्या खिडकीच्या काचेतूनही येतात. वर्षानुवर्षं ते कातडीतल्या इलॅस्टिनच्या धाग्यांची वाट लावतात, आणि ताणलेली कातडी परत जागेवर येईनाशी होते.

पण कातडी हा फक्त वरचा थर झाला. तिच्याखाली चरबीचा एक थर असतो आणि त्याखाली प्लॅटिस्मा नावाचा पातळ, पसरट स्नायू. छातीच्या वरच्या भागातून निघून गळपट्टीच्या हाडावरून तो जबड्याच्या कडेपर्यंत आणि पुढे गालाच्या खालच्या भागात जातो. शरीरातले बहुतेक स्नायू हाडं हलवतात, हा मात्र कातडी हलवतो. गाईच्या अंगावर माशी बसली की तेवढ्याच जागेची कातडी थरथरते, ती अशाच कातडीखालच्या स्नायूमुळे. आपल्या शरीरात त्या घराण्यातलं फारसं काही उरलं नाही, जे थोडं उरलं त्यात प्लॅटिस्मा आहे. दाढी करताना पुरुष ओठांचे कोपरे खाली ताणतात, तेव्हा गळ्यावर ज्या दोऱ्या उभ्या राहतात त्या याच्याच.

हा स्नायू डावा आणि उजवा असा जोडीने असतो. बऱ्याच जणांत दोन्हींचे तंतू हनुवटीखाली एकमेकांत गुंफलेले असतात, काहींत ते गुंफलेले नसतातच. वयाबरोबर मधल्या कडा सैल पडतात आणि खिडकीच्या पडद्याच्या दोन पाखांसारख्या लोंबतात. गळ्यावरच्या उभ्या पट्ट्या म्हणजे याच कडा. स्नायूच्या खाली अजून थोडी चरबी असते, दोन बाजूंना लाळेच्या ग्रंथी असतात आणि जिथे गळा वळतो तिथे कंठास्थी नावाचं नालाच्या आकाराचं एक छोटं हाड असतं.

जबड्याची रेघ मोडते त्याचं कारण थोडं वेगळं आहे. हनुवटीच्या बाजूला एक मजबूत बंध कातडीला थेट हाडाशी जखडून ठेवतो. पदराला पिन लावली आणि वरून कापड सरकत आलं, तर पिनेच्या मागे फुगा येतो. तसंच गालाचं मांस उतरत येतं आणि त्या बंधामागे अडकून लोंबतं. भरीला हाड स्वतःच झिजतं. मावशीच्या खालच्या दोन दाढा पंधरा वर्षांपूर्वी काढल्या होत्या. दाढ गेली की तिला धरून ठेवणारं हाडही हळूहळू खचतं, म्हणजे तंबूचा खांबच आखूड होतो.

आधी आम्ही एका क्लिनिकमध्ये गेलो. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत. गोड बोलणाऱ्या एका काउन्सेलर मुलीने लांबूनच गळा बघितला आणि 'चरबी विरघळवणाऱ्या' इंजेक्शनांच्या सहा सिटिंगचं पॅकेज पुढे केलं. आज पैसे भरले तर सवलत. औषधाचं नाव विचारलं तर "इम्पोर्टेड आहे" एवढंच उत्तर. आम्ही उठलो, पण तिथे बसलेल्या इतर बायकांचे चेहरे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

मुळात ही कल्पना भंपक नाही. आपल्या पित्तात डीऑक्सिकोलिक आम्ल असतं. ते आतड्यात तुपातेलाचे बारीक थेंब करतं, जसा साबण ओशट भांड्यावर काम करतो. हेच आम्ल हनुवटीखालच्या चरबीत टोचलं तर चरबीच्या पेशींची आवरणं फुटतात. औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने 2015 मध्ये या वापराला मान्यता दिली. एका वेळी जास्तीत जास्त 50 टोचण्या, प्रत्येक टोचणीत 0.2 मिलिलीटर आणि दोन बैठकांत किमान एक महिन्याचं अंतर, असा त्याचा नेम आहे. पण हे रसायन पेशी ओळखून मारत नाही. सुई चुकून जबड्याच्या कडेने जाणाऱ्या नसेजवळ गेली, तर हसू वाकडं होतं. आणि नाव नसलेल्या कुपीत काय आहे हे कोण सांगणार? मान्यता नसलेल्या अशा इंजेक्शनांबद्दल एफडीएने 2023 मध्ये जाहीर इशारा दिला होता.

नंतर आम्ही मुंबईतल्याच एका प्लास्टिक सर्जन बाईंकडे गेलो. जाण्याआधी त्यांची प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाहून घेतली होती. त्यांनी आधी मावशीच्या हातात पाण्याचा पेला दिला. "काकू, एक घोट प्या." ती गिळत असताना बाई तिच्या गळ्याकडे टक लावून बघत होत्या. थायरॉइडची गाठ असेल तर गिळताना ती वर सरकते, आणि तसं काही असतं तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी त्याचा तपास झाला असता. मग त्यांनी हनुवटीखालचा भाग चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "आता दात दाखवून जोरात 'ई' म्हणा."

'ई' म्हणताना प्लॅटिस्मा ताठ होतो. चिमटीतली जाडी तशीच राहिली तर चरबी स्नायूच्या वर आहे, चिमटीतून निसटली तर ती खाली आहे. मावशीच्या बाबतीत थोडीशीच बोटात राहिली, बाकीची निसटली. दोन उभ्या पट्ट्या मात्र ठसठशीत उठल्या. क्लिनिकमधलं ते पॅकेज मावशीने घेतलं असतं तर वरची थोडी चरबी गेली असती आणि तिच्याआड लपलेल्या पट्ट्या उघड्या पडल्या असत्या. पैसे देऊन गळा आणखी म्हातारा दिसला असता.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक उपायाची पोच एखाद्या थरापर्यंतच असते. बोटॉक्स स्नायूला शिथिल करतं. मज्जातंतूने स्नायूला द्यायचा रासायनिक निरोपच ते अडवतं, म्हणून पट्ट्या काही महिने मऊ पडतात. गळ्याच्या पट्ट्यांसाठी एफडीएची मान्यता त्याला ऑक्टोबर 2024 मध्ये मिळाली. पण लोंबणारी कातडी त्याने वर जात नाही. गोठवून चरबी मारायची पद्धत फक्त चरबीपुरतीच. तिचा उगम गमतीचा आहे. बर्फाच्या कांड्या चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालांवर चरबी गेल्याचे खळगे पडतात हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. कातडीला इजा होण्याआधीच चरबी थंडीने मरते हे त्यातून कळलं.

उष्णतेची यंत्रं कातडीच्या थरासाठी असतात. कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन म्हणजे कोलॅजन, आणि त्याचा रेणू म्हणजे अक्षरशः तीन पेडांची वेणी. साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसला ही वेणी उकलते, पेड गोळा होतात आणि धागा आखडतो. पुढचे काही महिने शरीर त्या जागी नवं कोलॅजन घालत राहतं. अल्ट्रासाउंडचं यंत्र कातडीच्या 1.5, 3 किंवा 4.5 मिलिमीटर खाली नेमके ठिपके तापवतं, वरची कातडी भाजत नाही. रेडिओलहरींच्या एका प्रकारात तर बारीक नळी कातडीखाली घालून आतून उष्णता देतात. चाळिशीतल्या हलक्या सैलपणाला याचा उपयोग होतो. आपल्या सावळ्या कातडीला उष्णतेचा चटका बसला की काळा डाग पडायची शक्यता जास्त, म्हणून यंत्र कुणाच्या हातात आहे हे इथे फार महत्त्वाचं. काटेरी दोरे ओवून गाल वर खेचायचा उपाय सर्जन बाईंनी मावशीसाठी बाद केला. दोरा विरघळतो, ओढ सैल पडते आणि वर्षभरात बहुतेक सगळं होतं तसं होतं.

त्यांनी सुचवलं ते हे. हनुवटीखालच्या घडीत अडीच सेंटिमीटरचा छेद, त्यातून वरची थोडी आणि स्नायूखालची थोडी चरबी काढायची, आणि प्लॅटिस्माच्या दोन्ही कडा मध्ये आणून कंठास्थीपर्यंत शिवायच्या. कातडी मात्र अजिबात कापायची नाही.

मावशी अडून बसली. "कातडी तर आधीच जास्त आहे. आतला भरणा काढल्यावर ती आणखी लोंबेल ना?"

बाईंनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे एक रेघ काढली. एका टोकाला हनुवटी, दुसऱ्या टोकाला छातीच्या हाडावरची खाच. "आत्ता तुमची कातडी जवळजवळ या सरळ रेघेतून जाते. मी आतला भाग वर बसवला की तिला असं कोपऱ्यात जाऊन यावं लागेल." त्यांनी रेघेच्या वर एक कोन काढला. मावशीने कागद ओढून घेतला. तिचे डोळे चमकले होते. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठी, हे तिने किती पोरांना घोकायला लावलं असेल! हनुवटीपासून वळणापर्यंत 5 सेंटिमीटर धरले, तिथून खाचेपर्यंत 9, आणि मधला कोन 120 अंश. तिने तिथेच मांडलं: तिसरी बाजू 12.3, दोन बाजूंची बेरीज 14. म्हणजे सुमारे 1.7 सेंटिमीटर कातडी नुसत्या वळणातच खपली. गळ्याचा कोन साधारण 105 ते 120 अंश असला की तो रेखीव दिसतो, असं या शास्त्रात मानतात. वजन खूप उतरून कातडीचे पडदे झाले असतील तर हे गणित पुरत नाही, मग कानामागे छेद घेऊन कातडी कापावीच लागते. मावशीचं तितकं झालं नव्हतं.

शस्त्रक्रिया दोन तासांची, गुंगीच्या औषधाखाली आणि स्थानिक भुलेवर. खाऱ्या द्रावणात खूप पातळ केलेलं लिग्नोकेन आणि कणभर अ‍ॅड्रिनलिन गळ्यात भरतात. लिग्नोकेन जागा बधिर करतं, अ‍ॅड्रिनलिन रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे रक्त जेमतेम जातं. जेफ्री क्लाइन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने 1980 च्या दशकात ही युक्ती काढली आणि पूर्ण भूल न देता लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, शक्य झालं. मात्र अ‍ॅड्रिनलिनचा असर उतरला की आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या होतात, आणि रक्तदाब चढलेला असेल तर आत रक्त साचतं. म्हणून पहिल्या रात्री दर काही तासांनी मावशीचं बीपी बघत होते. आधीचे चार आठवडे तंबाखूला सक्त मनाई होती, आणि बाईंनी मिश्रीबद्दलही मुद्दाम विचारलं. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आटतो आणि जखम काळी पडू शकते. मिश्रीला तंबाखू न मानणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत.

मग आला पट्टा. हनुवटीखालून डोक्यावर बांधायचा घट्ट पट्टा, पहिला आठवडा रात्रंदिवस. महिना मे. पट्ट्याखाली घामोळं उठलं, मावशी रात्री उठून पंख्याखाली बसायची. दोन पट्टे आलटून पालटून धुवायचे, मध्ये सुती मलमलची घडी घालायची, हे शहाणपण तिसऱ्या दिवशी सुचलं. मुंबईत हे करायचं तर हिवाळ्यातली तारीख मागून घ्यावी, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

चौथ्या दिवशी आरशासमोर तिने 'ई' म्हटलं आणि मला हाक मारली. उजव्या बाजूचे खालचे दात दिसत होते, डावीकडचे झाकलेलेच. प्लॅटिस्माला चालवणारी चेहऱ्याच्या नसेची एक फांदी दुखावली की खालचा ओठ त्या बाजूला पुरता उतरत नाही. बाईंनी हे आधीच कागदावर लिहून दिलं होतं आणि काही आठवड्यांत बहुतेक वेळा सुधारतं असंही सांगितलं होतं. तरी तो महिना कठीण गेला. मावशी रोज सकाळी आरशासमोर 'ई' म्हणायची आणि मोजायची, आज डावीकडचे किती दात दिसले. पाचव्या आठवड्यात दोन्ही बाजू सारख्या झाल्या. हनुवटीखालचा बधिरपणा गणपतीपर्यंत टिकला, तिथली टणक सूज दिवाळीपर्यंत.

आता कोन आला आहे. पट्ट्या 'ई' म्हटल्यावरही उठत नाहीत. गालाचा तो फुगा पिनेमागे अजून थोडा आहेच, कारण गळ्यातल्या टाक्यांची ओढ तिथवर पोचत नाही. आणि जबड्याखाली डावीकडे बोराएवढा उंचवटा दिसतो. ती लाळेची ग्रंथी. वरची चरबी गेल्यावर ती दिसू लागेल आणि आपण तिला हात लावणार नाही, हे पहिल्याच भेटीत ठरलं होतं. परवा मावशीने माझं बोट धरून त्या उंचवट्यावर ठेवलं आणि लिंबाच्या लोणच्याची फोड तोंडात टाकली. "बघ," ती म्हणाली, "काम करते आहे."