दीर्घ जलोपवास

दीर्घ जलोपवास : अन्न, दूध, फळांचा रस, साखर असे उष्मांक देणारे काहीही न घेता केवळ पाण्यावर अनेक दिवस राहणे. किती दिवसांच्या उपवासाला दीर्घ म्हणावे यावर एकमत नाही. साधारणपणे चार-पाच दिवसांच्या पुढे गेलेला उपवास या वर्गात धरतात. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी चालणारी आपली एकादशी यात मोडत नाही, तशीच पाणीही वर्ज्य असणारी निर्जळी एकादशीही मोडत नाही. पाण्यावाचून माणूस काही दिवसांतच दगावतो. पाणी मिळत राहिले तर तोच माणूस कित्येक आठवडे तग धरतो. या आठवड्यांत शरीर आतून कसे बदलते, हे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बरेच उलगडले आहे.

शेवटचे जेवण पचून गेले की यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या ग्लुकोजचा, साठा खर्ची पडू लागतो. तो जेमतेम १०० ग्रॅम असतो आणि साधारण एका दिवसात संपत येतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते, तेही सुटते. रक्तातले इन्सुलिन उतरले की मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकू लागतात आणि मिठामागोमाग पाणी जाते. पहिल्या तीन-चार दिवसांत वजनकाटा झपाट्याने खाली येतो तो मुख्यतः यामुळे. चरबीचा हिशेब वेगळा आहे. बैठ्या माणसाला दिवसाला १,७०० ते १,८०० किलोकॅलरी लागतात आणि एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे सगळी ऊर्जा चरबीतून आली असे धरले तरी दिवसाला पाव किलोपेक्षा जास्त चरबी जळू शकत नाही.

खरी अडचण मेंदूची असते. त्याला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि चरबीतल्या मेदाम्लांपासून शरीराला ग्लुकोज बनवता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत स्नायूंतली प्रथिने मोडून ते बनवले जाते. अमेरिकेतील बॉस्टन येथील कार्नेगी पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी १९१२ मध्ये हे मोजून पाहिले. माल्टाहून आलेले लेव्हान्झिन नावाचे गृहस्थ तेथे ३१ दिवस फक्त ऊर्ध्वपातित पाण्यावर राहिले. रात्री ते उष्णता मोजणाऱ्या बंद कक्षात झोपत. प्रथिने किती मोडली ते कळावे म्हणून त्यांच्या लघवीतला नायट्रोजन रोज मोजला जाई. चौथ्या दिवशी तो सुमारे १२ ग्रॅमपर्यंत चढला, मग हळूहळू उतरत शेवटी ७ ग्रॅमच्या आसपास आला. बारा ग्रॅम नायट्रोजन म्हणजे ७५ ग्रॅम प्रथिन, आणि तेवढे प्रथिन मिळवायला पाव किलोहून अधिक स्नायू मोडावा लागतो. महिन्याभरात लेव्हान्झिन यांचे वजन सुमारे ६० किलोवरून ४७ किलोवर आले.

स्नायूंची झीज पुढे मंदावते, त्याचे कारण १९६७ मध्ये बॉस्टनमध्येच जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडले. पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या स्थूल रुग्णांच्या मेंदूकडे जाणारे आणि मेंदूतून परत येणारे रक्त त्यांनी तपासले. यकृत चरबीपासून कीटोन द्रव्ये बनवते आणि मेंदूची निम्म्याहून जास्त गरज त्यांवर भागते, असे दिसले. तोपर्यंत मेंदू ग्लुकोजवाचून चालूच शकत नाही असे मानले जात होते. इतके दिवस अन्नाविना माणूस जगतो तो या सोयीमुळे.

बाहेरून दिसणारी लक्षणे या बदलांचीच असतात. दोन-तीन दिवसांनी भूक बोथट होते. श्वासाला उग्र गोडसर वास येतो. नेलपॉलिश काढायच्या द्रवात असते तेच ॲसिटोन फुप्फुसांवाटे बाहेर पडत असते. जिभेवर पांढरा थर चढतो. ही ‘शरीरातली विषे बाहेर पडण्याची’ खूण आहे असे उपवासाचे प्रचारक सांगतात, त्याला आधार नाही. थायरॉइडचे टी-३ हे संप्रेरक घटते, चयापचय मंदावतो, नाडी संथ होते, उन्हाळ्यातही थंडी वाजते. अंथरुणातून उठताना रक्तदाब एकदम पडून भोवळ येते, आणि अशा वेळी न्हाणीघरात पडून डोक्याला मार लागण्याचा धोका असतो. कीटोनांमुळे मूत्रपिंडांतून यूरिक आम्ल नीट बाहेर पडत नाही, ते रक्तात साचते आणि गाऊट हा सांधेदुखीचा आजार असलेल्याचा पायाचा अंगठा ठणकू लागतो.

भूक मरते म्हणून शरीर सुखरूप आहे असे समजणे घातक आहे. पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) हे सारे घटत असते आणि माणसाला त्याची जाणीवही होत नाही. पोटॅशियम-मॅग्नेशियम घसरले की हृदयाचा ठोका बिघडतो. थायमिन संपले की डोळे थरथरतात, दुहेरी दिसते, तोल जातो. अशक्तपणा घालवायला भरमसाट नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम पातळ होऊन झटकेही येऊ शकतात.

माणूस किती दिवस टिकतो हे त्याच्या अंगावरच्या चरबीवर फार अवलंबून असते. स्कॉटलंडचे अँगस बार्बिएरी १९६५-६६ मध्ये डंडीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३८२ दिवस अन्नाविना राहिले आणि २०७ किलोवरून ८२ किलोवर आले. हे उदाहरण समाजमाध्यमांवर सतत फिरते, पण त्यांना जीवनसत्त्वे, यीस्ट आणि काही काळ पोटॅशियम दिले जात होते, रक्ताच्या तपासण्या होत होत्या, हे सांगायचे राहून जाते. त्या काळात स्थूलपणावर हा उपचार अनेक रुग्णालयांत झाला; काही रुग्ण दगावल्यावर तो मागे पडला. सडसडीत माणसांची गत वेगळी. लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतींद्रनाथ दास १३ सप्टेंबर १९२९ रोजी ६३ दिवसांच्या अन्नत्यागानंतर गेले. उत्तर आयर्लंडमध्ये १९८१ साली पाणी आणि मीठ घेत उपोषण करणारे दहा कैदी ४६ ते ७३ दिवसांत मृत्यू पावले.

पुण्याचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. गांधीजींनी येथे २१ दिवसांचे दोन उपवास केले : १९३३ साली पर्णकुटी या बंगल्यात आणि १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळात आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असताना. दुसऱ्या वेळी त्यांचे वय ७३ होते. मळमळीमुळे पाणीसुद्धा घशाखाली उतरेना आणि प्रकृती ढासळली, तेव्हा पाण्यात मोसंबीचा थोडा रस घालण्यात आला. त्यामुळे काटेकोर अर्थाने हा जलोपवास नव्हता. परंतु उपवासात पाणी पोटात जात राहणेच किती अवघड होऊ शकते, ते यावरून कळते.

जैन परंपरेत दीर्घ जलोपवास आजही जिवंत आहे. पर्युषणात आठ दिवसांची अठ्ठाई आणि क्वचित महिनाभराचे मासखमण करणारी कुटुंबे महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत आढळतात. उकळलेले पाणी, तेही सूर्योदय ते सूर्यास्त या वेळातच, असा नियम असतो. शेवटी पारणे होते, आणि वैद्यकीय दृष्टीने सर्वांत जपण्याचा टप्पा तोच आहे.

पारण्याचा धोका असा : कर्बोदके पोटात गेली की इन्सुलिन एकदम चढते आणि रक्तात उरलेसुरले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून घेते. रक्तातली पातळी कोसळते. पायांवर सूज, धाप, गोंधळलेली अवस्था, हृदयाचे ठोके चुकणे, आणि कधी मृत्यू. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांत तो ठळकपणे दिसला. अन्न मिळाल्यावर माणसे मरत होती. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ संस्थेनुसार दहा दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला मोठा धोका असतो. त्याला आधी थायमिन द्यावे आणि सुरुवातीला किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त १० किलोकॅलरी द्याव्यात. पन्नास किलोच्या माणसाला म्हणजे दिवसभरात फक्त ५००. आयुर्वेदात शोधनानंतर (वमन, विरेचन अशा शुद्धीनंतर) पेया म्हणजे पातळ पेज, विलेपी म्हणजे घट्ट पेज, यूष म्हणजे कडधान्याचे कढण अशा चढत्या क्रमाने आहार देतात, त्यातला सावकाशपणा योग्यच आहे. पण पेज पातळ असली तरी ती कर्बोदकच. वाट्यांमागून वाट्या प्यायल्या तर धोका टळत नाही. घरच्यांनी प्रेमाने पुढे केलेला शिरा किंवा उसाचा रस तर अशा वेळी मुळीच नको.

फायद्यांबाबत सावध बोलावे लागते. ‘ऑटोफॅजी’, म्हणजे उपासमारीत पेशीने आपलेच जुने घटक मोडून वापरणे, यावरील यीस्टमधल्या संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. त्यावरून सात दिवस उपाशी राहा आणि कर्करोग टाळा असे सांगणे ही फार लांबची उडी आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी माणसे सात दिवस पाण्यावर राहिली. त्यांचे वजन सरासरी ५.७ किलोंनी घटले, आणि रक्तातल्या प्रथिनांतले मोठे बदल तीन दिवसांनंतर दिसू लागले. अभ्यास मोलाचा आहे, पण बारा निरोगी माणसांवरून आजारी माणसाला सल्ला देता येत नाही.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मुले, कृश व्यक्ती, खाण्याशी निगडित मानसिक आजार असलेले, तसेच हृदय आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी जलोपवास करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना रक्तशर्करा जीवघेणी खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी भोवळ बळावते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे विशेष लक्षात ठेवावीत. ती घेणाऱ्याच्या रक्तात उपवासात आम्ल साचू शकते आणि त्या वेळी घरच्या यंत्रावर साखर जवळपास नेहमीइतकीच दिसत असते.