भूक नाही, राग नाही, तरी अकरा कोंबड्या

येऊरच्या एका पाड्यावर गेल्या उन्हाळ्यात सकाळीच बातमी फिरली ती बिबट्याची. फिरणारच, पाड्याला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. खुराड्याची जाळी खालून उचकटलेली, अंगणभर पिसं आणि अकरा गावठी कोंबड्या इकडेतिकडे पडलेल्या. ज्यांच्या कोंबड्या, त्या मावशींनी एक उचलून पिसं मागे सारली आणि निकाल दिला, "वाघ नाय हा. वाघ एक उचलतो नि जातो. हे कुत्र्याचं काम."

खाल्लेली एकही नव्हती. दुपारपर्यंत शेजारच्या बंगल्यातला लॅब्रेडॉर-मिश्र कुत्रा सापडला, जबड्याला पीस अजून चिकटलेलं. मालक ओशाळले. "अहो मावशी, तो साधा गुरगुरतही नाही कुणावर. रात्री पोटभर चिकन-भात खाल्लाय त्याने." मावशींना ही थाप वाटली. मला विचाराल तर माणूस अगदी खरं बोलत होता, आणि गोची तिथेच आहे.

राग आणि शिकार ही मेंदूतली दोन वेगळी खाती. 1962 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात वासमन आणि फ्लिन यांनी मांजरांच्या मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, विजेचा सौम्य प्रवाह सोडून पाहिला. एका जागी सोडला की मांजर फिस्कारायचं, केस पिंजारून पंजा मारायचं. दुसऱ्या जागी सोडला की ना आवाज, ना फुगणं. मान खाली घालून गुपचूप जायचं आणि उंदराला चावायचं. कोंबड्यांमागे धावणारा कुत्रा या दुसऱ्या खात्यातला. तो चिडलेला नसतोच, त्यामुळे "आमचा स्वभावाने गरीब आहे" हे खरं असूनही उपयोगाचं नाही.

भुकेचंही तसंच. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अभ्यासक दांपत्याने शिकारीची साखळी मांडली: नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणारा चावा, फाडणं, खाणं. लांडग्यात ती सलग असते. कुत्र्यांच्या जाती घडवताना माणसाने तिच्या काही कड्या घट्ट केल्या, काही ढिल्या. बॉर्डर कॉली नजर रोखून पळते, पण चाव्याच्या आधी थांबते. रिट्रीव्हर पकडतो, पण दात रुतवत नाही. मिश्र कुत्र्यात कुठली कडी कोणाकडून आली याचा नेम नाही. शिवाय प्रत्येक कडी स्वतःच स्वतःचं बक्षीस. पळवण्यातच मजा आहे, तर चिकन-भाताचा संबंध काय? सकाळच्या पराक्रमाबद्दल दुपारी दिलेला मारही वाया, कारण कुत्रा त्या दोन गोष्टी जोडत नाही.

मग अकरा का? हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने 1972 मध्ये अशा गरजेबाहेरच्या शिकारीवर लिहिलं. कोल्ह्यांनी कुरव पक्ष्यांची अशी कत्तल केली ती काळ्याकुट्ट रात्री, पक्षी जमिनीवरून उडत नव्हते तेव्हा. एरवी एक सावज मिळेपर्यंत बाकीची पसार होतात आणि साखळी आपोआप तुटते. खुराड्यात पसार व्हायला जागा नाही, कोंबडीला अंधारात धड दिसत नाही, आणि एक पडली तरी दहा फडफडत असतात. प्रत्येक फडफड साखळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

शेळीची गोष्ट जास्त फसवी. बिबट्या बहुधा गळा धरतो. कुत्रे मागच्या मांड्या, कुशी, कान असे मिळेल तिथे धरतात. बाहेर सुळ्याचं बारीक भोक दिसतं, आत मात्र स्नायू चेंगरलेले, फाटलेले असतात. हळद लावली आणि झालं, असं समजू नये. दिवस भरत आलेली शेळी नुसत्या पाठलागाच्या धसक्यानेही गाभडू शकते. रेबीज आहेच. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, तीही हातमोजे घालून, आणि लगेच पशुवैद्य गाठायचा. चाव्यानंतरची लस ठरलेल्या दिवशी अनेक डोसांत द्यावी लागते. शेजारचा कुत्रा असल्याचा एवढाच फायदा की त्याच्या लसीचं कार्ड मागता येतं. भांडणात तेच मागायचं राहून जातं.

पाड्यावर कोणी म्हणालं, विष घाला. तो गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. येऊरमध्ये तर मेलेला कुत्रा बिबट्या खाणार, मग ते विष त्याच्या पोटात. राखणीचा कुत्रा पाळणं हा जुना आणि चांगला उपाय. डार्विनने 1833 मध्ये उरुग्वेत मेंढ्यांमध्येच वाढवलेली पिल्लं पाहिली होती. पण अशी ओळख साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पक्की होते. मोठा कुत्रा आणून शेळ्यांत बांधला तर तो राखणदार होत नाही. झटका कुंपणाच्या तारेचा विजेचा धक्का उन्हाळ्यात सुक्या मातीमुळे नीट बसत नाही आणि पावसाळ्यात तारेला टेकलेल्या गवतातून गळतो. घरच्या विजेची तार थेट कुंपणाला लावणं म्हणजे माणूस मारणं.

मावशींनी केलं ते वेगळंच. पूर्वी त्यांचं खुराडं कुडाचं होतं, कारवीच्या काठ्या आणि वर शेणमाती. मुलाने हौसेने त्या जागी जाळी लावली होती. हवा छान, पण कुत्र्याला आतली प्रत्येक फडफड दिसायची. आता जाळी ठेवून आतून पुन्हा कूड घातला, वर हवेला हातभर फट ठेवून. जाळीचा खालचा दीड-दोन फूट पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून दगडांनी दाबला. कुत्रा भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतो, तिथेच नखं तारेला अडकतात. दोन फूट मागे जाऊन खणावं हे त्याला सुचत नाही.

बंगलेवाल्यांनी कोंबड्यांचे पैसे दिले आणि फाटकाखालची फट बुजवली. पावसाळ्यात कुत्रा एकदा निसटलाच. खुराड्याला नाक लावून बराच वेळ हुंगत बसला, एका कोपऱ्यात थोडं उकरलं, आणि रस्त्यावरून माकड गेलं तसा त्याच्या मागे सुटला.