छायाचित्रांची चौकट व स्वामित्वनोंद

डिजिटल छायाचित्राच्या कडेने रंगीत पट्टी जोडणे आणि तिच्यावर किंवा चित्रावर © (स्वामित्वहक्काचे चिन्ह), वर्ष व हक्कधारकाचे नाव उमटवणे ही दोन कामे संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा एकाच बैठकीत होतात. बोलताना त्यांना ‘बॉर्डर देणे’ आणि ‘वॉटरमार्क टाकणे’ म्हणतात. पहिल्याचा संबंध पाहणाऱ्याच्या डोळ्याशी आहे, तर दुसऱ्याचा कायद्याशी. पण कायद्याचे काम या अक्षरांकडून जेवढे होते असे समजले जाते, तेवढे ते होत नाही.

चौकटीची सवय कागदी छपाईतून आली. १९७२ साली आलेल्या पोलरॉइडच्या एसएक्स-७० कॅमेऱ्यातून निघणाऱ्या चित्राची खालची पांढरी पट्टी बाकीच्या तीन बाजूंपेक्षा रुंद असे. ती शोभेसाठी नव्हती, तर चित्र उमटवणाऱ्या रसायनाची पुडी तिथे बसवलेली होती. आज रसायन उरलेले नाही, तरी खालची कड रुंद ठेवण्याची पद्धत टिकली आहे आणि नाव लिहायला ती सोयीची जागा ठरली आहे.

फोटोशॉपमध्ये ‘कॅनव्हास साइज’ (चित्राभोवतालच्या जागेसह एकूण आकार) वाढवून, तर गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तसेच करून किंवा ‘अ‍ॅड बॉर्डर’ हा फिल्टर वापरून चौकट जोडता येते. शेकडो चित्रांना एकदम चौकट द्यायची असल्यास लिखित आज्ञांवर चालणारे इमेजमॅजिक हे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. समजा, चित्र १८०० × १२०० पिक्सेलचे आहे. वर आणि दोन्ही बाजूंना ६० व खाली १५० पिक्सेल जोडले, की फाइल १९२० × १४१० ची होते आणि खालच्या पट्टीत ४० पिक्सेल उंचीची अक्षरे मोकळेपणाने बसतात. यात क्रम फार महत्त्वाचा असतो. ६००० पिक्सेल रुंदीच्या मूळ चित्राला ३ पिक्सेलची बारीक रेघ दिली आणि मग ते १२०० पिक्सेलवर आणले, तर त्या रेघेला एक पिक्सेलही उरत नाही व ती पुसट होऊन जाते. म्हणून चित्र आधी लहान करावे, मग चौकट द्यावी आणि नाव सर्वांत शेवटी टाकावे. हे सगळे प्रतीवरच करावे, मूळ फाइलला हात लावू नये. जेपीईजी फाइल पुन्हा पुन्हा जतन केल्याने दर वेळी थोडा तपशील जातो हे त्याचे एक कारण आहे, आणि चित्रावर कायमचे मिसळलेले नाव पुढे स्वतःलाही स्वच्छ काढता येत नाही हे दुसरे.

छपाईसाठी चौकट देताना लांबी-रुंदीचे गुणोत्तर पाहावे लागते. चारही बाजूंना सारखी पट्टी दिली, की चौरस नसलेल्या चित्राचे मूळ गुणोत्तर बदलते, आणि ६ × ४ इंची कागदावर ते बसवताना एखाद्या बाजूची पट्टी कापली जाते. एका बाजूने अर्धवट छाटलेली चौकट चौकट नसण्यापेक्षा वाईट दिसते.

अक्षरे देवनागरी असतील तर आणखी एक दक्षता घ्यावी लागते. फोटोशॉपमध्ये मजकुराच्या मांडणीसाठी दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडलेला नसेल, तर जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. स्वतःच्या नावाची अशी मोडतोड करून ते चित्रावर मिरवण्यापेक्षा आधी ती मांडणी बदलून घेणे योग्य.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि तिच्यावरील हक्क ती निर्माण होताच मिळतो. त्यासाठी © लिहावे लागत नाही. अमेरिकेत मात्र १ मार्च १९८९ पर्यंत प्रसिद्ध होणाऱ्या कृतीवर अशी नोंद आवश्यक होती, आणि या चिन्हाचा दबदबा बराचसा त्यातून आलेला आहे. लग्नाच्या छायाचित्रांवर स्टुडिओचे नाव © सह छापलेले सर्रास दिसते. पण कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामी, उलट करार नसल्यास, ते काढायला सांगणारा असतो. अशा वेळी ‘छायाचित्र : अमुक’ हा श्रेयनिर्देश अधिक प्रामाणिक ठरतो, कारण कृतीचा कर्ता म्हणून छायाचित्रकाराचे स्थान कलम ५७ नुसार अबाधित राहते.

नाव कुठे टाकावे, याला पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. पट्टीतील नाव चित्राला धक्का लावत नाही, पण पट्टी कापली की तेही जाते. चित्राच्या मध्यावर टाकलेले अर्धपारदर्शक नाव सहज कापता येत नाही, पण ते पाहणाऱ्याचे चित्रही हिरावून घेते. शिवाय एकाच नमुन्याचा वॉटरमार्क अनेक चित्रांवर असेल, तर त्यांची तुलना करून तो आपोआप पुसता येतो, हे गुगलच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले. त्यामुळे दिसणाऱ्या नावाबरोबर फाइलच्या आतील एक्झिफ व आयपीटीसी (चित्राविषयीची माहिती साठवण्याच्या दोन प्रमाणित पद्धती) रकान्यांतही कर्त्याचे व हक्कधारकाचे नाव भरावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीप्रमाणे फोटो म्हणून पाठवल्यास ही आतली माहिती गळून पडते; तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती टिकते. हक्कांविषयीची अशी माहिती जाणूनबुजून, परवानगीविना काढणे किंवा बदलणे हा २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ब खाली गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे.