मटारची पिशवी आणि डिसेंबरचा बर्फ

नौपाड्यातल्या आमच्या घरी दर जानेवारीत पाच किलो मटार सोलून फ्रीजरमध्ये जातात. एप्रिलमध्ये पिशवी काढली की दाण्यांवर आणि प्लॅस्टिकला आतून बर्फाचे चुरचुरीत कण लागलेले असतात. चिमटीत घेऊन दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही, साखरेसारखे सुटतात. दाण्यांतला बर्फ न वितळता थेट वाफ होतो आणि जिथे जास्त थंड तिथे जाऊन पुन्हा गोठतो, त्याचे हे स्फटिक.

ठाण्याहून डिसेंबरात ट्रेकला उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला किंवा काश्मीरच्या गुलमर्गला निघालेलं कुणी म्हणालं, ‘यंदा बर्फ कमीच आहे, म्हणजे हिमस्खलनाची भीती नाही’, की मला ती पिशवी आठवते.

बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाला असते. वरची हवा उणे 15 धरू. थर 50 सेंटीमीटरचा असेल तर दर 10 सेंटीमीटरला 3 अंशांचा फरक पडतो. तोच थर दोन मीटरचा असेल तर जेमतेम पाऊण अंश. हा फरक 1 अंशाच्या वर गेला की मटाराचाच खेळ सुरू होतो : तळातली वाफ वर सरकते आणि मागे पेल्यासारखे पोकळ, टोकदार स्फटिक तयार होतात, एकमेकांना न धरणारे. गिर्यारोहक त्याला ‘शुगर स्नो’ म्हणतात. म्हणजे बर्फ पातळ आहे म्हणूनच तो तळातून कुजतो. सावलीतल्या उत्तरेकडच्या उतारांवर तर जास्तच.

नुसता तो फारसा त्रास देत नाही. पुढच्या वादळात त्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसला, की साबुदाण्यावर फरशी ठेवल्यासारखं होतं. एका माणसाच्या वजनाने खालचे कण ढासळतात, कधी ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज येतो, चीर धावत जाते आणि उताराचा सगळा पापुद्रा एकदम सुटतो. असे बहुतेक उतार 30 ते 45 अंशांचे असतात. सोसायटीचा जिना साधारण 30 अंशांचा असतो, यावरून अंदाज घ्या. सह्याद्रीतल्या घसाऱ्याला सरावलेल्या डोळ्यांना हे ‘सोपं’ वाटतं, तिथेच फसायला होतं.

तपासायची रीत साधी आहे. जमिनीपर्यंत खड्डा खणायचा, 30 बाय 30 सेंटीमीटरचा बर्फाचा खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा, त्यावर फावडं ठेवून 10 थापा मनगटातून, 10 कोपरातून, 10 खांद्यातून. कितव्या थापेला तुटला यापेक्षा कसा तुटला हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ड्रॉवर उघडावा तसा वरचा थर सटकन पुढे आला, तर मागे फिरा. नाही आला, तरी वीस पावलांवरचा बर्फ वेगळा असू शकतो. चंदीगडची डीआरडीओची ‘डीजीआरई’ ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते आधी पाहावेत.

आमच्या वाटाड्याने खड्डाबिड्डा काही खणला नव्हता. त्याने काठी उलटी करून मूठ बर्फात खुपसली. वरच्या थरात जोर लावावा लागला आणि मग काठी एकदम खाली गेली, रव्यात गेल्यासारखी. तो काही बोलला नाही. आम्ही तासाभराचा वळसा घालून सोंडेवरून गेलो.