घास घशाखाली उतरेपर्यंत

इंदूरला सकाळच्या पोह्यांवर जिरावन नावाचा मसाला भुरभुरतात. ते नाव कानावर पडलं की मराठी माणसाला ‘जिरवणं’च आठवतं, आणि जिरवायचं काम पोटाचं अशी आपली पक्की समजूत. पोह्यांचं जिरणं मात्र तोंडातच सुरू होतं. नुसते भिजवलेले चिमूटभर पोहे तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता चावत राहा. थोड्या वेळात हलकी गोडी जाणवेल. लाळेतल्या अमायलेज या पाचक द्रव्यानं पोह्यांतल्या स्टार्चची साखर करायला घेतलेली असते.

हे उमगायला माणसाला फार काळ लागला. आयुर्वेदानं जिभेच्या ठायी बोधक कफ मानला. चव कळते ती त्याच्यामुळे. युरोपात तर लाळ येते कुठून, इथूनच सुरुवात होती. १६५६ मध्ये लंडनच्या थॉमस व्हार्टननं जबड्याखालच्या ग्रंथीची नळी वर्णन करून सांगितली. पुढे १६६० मध्ये निल्स स्टेन्सन हा बावीस वर्षांचा डॅनिश विद्यार्थी ॲमस्टरडॅममध्ये मेंढीचं डोकं चिरत असताना त्याला कानापुढच्या ग्रंथीजवळ एक नळी दिसली. तिच्यात सळई सरकवली, तर ती पुढे जाऊन दातांवर टेकली. गालगुंड झाल्यावर सुजते ती हीच ग्रंथी. मला हा प्रसंग फार आवडतो: या ग्रंथीतल्या लाळेची वाट कळली ती त्या एका स्पर्शानं.

वाट कळली, काम कळलं नाही. त्यासाठी १८३१ उजाडावं लागलं. एरहार्ड लॉइक्स या जर्मन संशोधकानं दाखवलं, की शिजवलेल्या स्टार्चमध्ये लाळ मिसळली की तो गोड होतो. दोनच वर्षांनी पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूतून तसंच काम करणारं डायस्टेज वेगळं काढलं. जठरात आम्ल भेटलं की अमायलेज थंडावतं, तरी घासाच्या आतल्या भागात ते काही वेळ चालू राहतं.

घशाची गोष्ट वेगळीच. तिथे अन्नाची आणि श्वासाची वाट एक होते. गिळताना मऊ टाळू वर उचलून नाकाकडची वाट बंद करते, स्वरयंत्र वर सरकतं, त्यावरचं झाकण पडतं आणि श्वास क्षणभर थांबतो. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, तो वर जाताना कळेल. हे सगळं सेकंदाभरात उरकतं. क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्यानं ते गिळण्याच्या अभ्यासाला लावले. क्ष-किरणांत उठून दिसणारं बिस्मथ घातलेलं अन्न हंसाला भरवून त्याच्या लांब मानेतून ते खाली सरकताना त्यानं पाहिलं. आज गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाला बेरियम पाजून एक्स-रे काढतात, तो त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा.

अर्धांगवायूनंतर आमच्या आजोबांना पाण्याचा घोटही ठसका आणायचा. पातळ पदार्थ झपकन खाली येतो आणि झाकणाला तेवढी सवड मिळत नाही. मऊ भाताची दाट पेज मात्र उतरायची. आई त्यांना ताठ बसवून, हनुवटी जराशी खाली करून भरवायची. बोलायची नाही, त्यांनाही बोलू द्यायची नाही. नजर त्यांच्या गळ्यावर. कंठमणी वर जाऊन खाली आला, की मगच पुढचा चमचा.