गोधडी आणि क्विल्ट : एक कडेपासून आत, एक मधून बाहेर

दिवाळीत पुण्याच्या भाचीचा व्हिडिओ कॉल आला. "मामी, हे बघ, मी गोधडी शिवली!" चौकोन आणि त्रिकोण जुळवून केलेलं काम खरंच देखणं होतं. टोकाला टोक भिडलेलं, रंगही नीट निवडलेले. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी फोन आधी जवळ, मग लांब धरून पाहिला आणि विचारलं, "ह्यात लुगडी किती घातली?"

"एकही नाही आजी, आत बॅटिंग आहे, म्हणजे भरणाचा पट्टा."

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला. "मग ही रजई हाय बगं. गोधडी कशाला म्हणायली ही?"

भाची हिरमुसली. पण सासूबाईंचं बरोबर होतं, आणि का बरोबर होतं ते मला पुढच्या वर्षभरात स्वतःचं नुकसान करून घेऊन कळलं.

आमच्या परभणीकडे गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द चालतात. जरा जाड, दणकट असली की वाकळ. गंगाखेडच्या जनाबाईच्या कथेत पांडुरंग पहाटेच्या घाईत आपला शेला विसरतो आणि जनीची वाकळ पांघरून राऊळात जातो, ती हीच. उदगीरकडून बीदरच्या बाजूला गेलात की तिलाच कौदी म्हणतात. शब्द कोणताही असो, आत भरण नसतं. कापडावर कापड, त्यावर कापड, एवढंच. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांब आणि लुगड्याच्या पन्ह्याइतकी, म्हणजे सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद अशी एका माणसाची गोधडी तयार. माप घ्यायची गरजच नाही, माप लुगड्यातच असतं. थंडीसाठी आत आणखी एखादं धोतर नाहीतर विटलेली चादर. सहावारी साडीच्या तीनच घड्या होतात आणि लांबी जरा कमी भरते, म्हणून ती बहुतेक मधल्या थराला जाते.

भाचीने शिवलं होतं ते क्विल्ट. क्विल्टचे थर तीन. वरचा थर तुकडे जोडून केलेला, मधे कापसाचा किंवा पॉलिस्टरचा पातळ गादीसारखा पट्टा म्हणजे बॅटिंग, खाली अस्तर. म्हणजे ऊब मधल्या पट्ट्यात आणि शोभा वरच्या थरात. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणून भरलेली रजई आठवा. वर नक्षीचं कापड, आत कापूस, खाली अस्तर. क्विल्टचं सख्खं नातं तिच्याशी आहे. गोधडीशी ते फक्त दिसण्यात जुळतं, कारण दोघींवर ठिगळं दिसतात.

आता ठिगळांकडेच बघू, कारण खरी गफलत तिथेच होते. क्विल्टमध्ये दोन वेगळी कामं आहेत. आधी तुकड्याला तुकडा जोडून अख्खा वरचा थर तयार करायचा. त्या वेळी बॅटिंगचा पत्ताही नसतो. मग तिन्ही थर एकावर एक ठेवून त्यांतून टाके घालायचे. गोधडीत हे दोन्ही एकाच टाक्यात होतं. थर जमिनीवर अंथरलेले असतात, त्यावर तुकडा ठेवायचा, कड बोटाने आत दुमडायची आणि धावदोरा घालत पुढे जायचं. तोच टाका तुकडा बसवतो, तोच सगळे थर धरतो आणि तोच नक्षी होतो. तुकडा वाकडा असला तर पुढचा त्याच्यावर जरा चढवायचा. चूक झाकायला पुढचं ठिगळ हजर असतंच.

क्विल्टमध्ये ही सोय नाही. तिथे पाव इंच शिवण म्हणजे पाव इंचच. चार इंचाचा चौकोन हवा तर साडेचार इंचाचा कापायचा. असे नऊ चौकोन तीन ओळींत जोडले की कडेची शिवण धरून साडेबारा इंचाचा ठोकळा येतो, तो पुढे जोडल्यावर बारा इंचाचा राहतो. एका ओळीत नऊ तुकडे असतील तर जोड आठ. प्रत्येक जोडावर फक्त 2 मिलिमीटर चुकलं तरी ओळ 16 मिलिमीटरने लांब नाहीतर आखूड होते, आणि खालच्या ओळीचे कोपरे वरच्या कोपऱ्यांना भेटत नाहीत. म्हणून तिथे रोटरी कटर आला. पिझ्झा कापायच्या चाकासारखा दिसणारा हा कटर जपानच्या ओल्फा कंपनीने 1979 मध्ये आणला आणि कात्रीने तासभर चालणारं काम काही मिनिटांवर आलं. तो नसेल तर अडत नाही. जाड पुठ्ठ्याचा साचा, टोकदार पेन्सिल आणि फक्त कापडासाठी ठेवलेली धारदार कात्री पुरते. इस्त्रीवर मात्र कुचराई नको. प्रत्येक जोड शिवला की शिवणीचा गठ्ठा एका बाजूला, शक्यतो गडद कापडाकडे, दाबून घ्यायचा. मी पट्टी लावून कापताना पाहून सासूबाई म्हणाल्या होत्या, "झोपायचंय का नकाशा काढायचाय?" क्विल्ट करायचं तर आधी नकाशाच काढावा लागतो, त्याला इलाज नाही.

दुसरा फरक कोणी सांगत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे गोधडी कडेपासून सुरू होते. आधी चारी कडा आत दुमडून बंद करायच्या, मग कडेला समांतर फेरे घालत, दोन बोटांचं अंतर ठेवत मधाकडे यायचं. चौघी चार बाजूंना बसू शकतात त्या यामुळेच. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंडी शिवतात, तीही अशीच कडेपासून आत; तिच्या चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची 'फुलं' असतात. क्विल्टची गाडी उलटी. टाके मधून सुरू करून बाहेर न्यायचे आणि कड अगदी शेवटी अडीच इंचाच्या दुहेरी पट्टीने बंद करायची. कारण बॅटिंग सरकतं, फुगतं. मधून बाहेर गेलं की फुगवटा कडेने निघून जातो. कड आधी बंद केली तर तो अडकतो आणि मधे कायमची वळकटी बसते. गोधडीत सरकायला काही नसतं. झिजलेलं सुती कापड एकमेकांना धरून राहतं, उलट कड उघडी राहिली तर त्याचेच दोरे सुटतात.

मी हे न कळता क्विल्ट केलं ते गोधडीच्या रीतीने. तुकडे नीट जोडले, आत बाजारातून सुटा फायबर आणून पसरला, चारी कडा शिवून टाकल्या आणि मग दोन-दोन वितींवर टाके घातले. सहा महिने झकास दिसलं. मग दसरा आला. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे 'दसरा काढतात', म्हणजे घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं. पूर्वी त्यासाठी गोधड्यांचे गठ्ठे घेऊन नदीवर जात. गोधडी त्यासाठीच घडलेली असते. भिजवा, आपटा, पिळा, काट्याकुट्यांवर वाळत घाला, तिला काही होत नाही. माझ्या क्विल्टमधला फायबर एका कोपऱ्यात गोळा झाला, पाण्यात भिजलेल्या मांजरासारखा. बॅटिंग पट्टा असो की सुटं भरण, टाक्यांचं अंतर त्याच्यावर ठरतं. पट्ट्याच्या पाकिटावर किती इंचांच्या आत टाके हवेत ते लिहिलेलं असतं. काहींना चार इंच, काहींना आठ-दहा चालतात. सुटा फायबर घरच्या क्विल्टमध्ये घालूच नये असं माझं मत झालंय. पिंजाऱ्याची रजईही धुवायची नसतेच. ती उसवून कापूस पुन्हा पिंजतात.

धुण्याचा विचार आमच्याकडे आधी करावा लागतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, हे विसरणं अवघड आहे. ओली गोधडी दोन माणसांनी पिळावी लागते आणि पाणीही भरपूर खाते. रोजच्या वापराला, लहान लेकराखाली अंथरायला हलकं, लवकर वाळणारं हवं असेल तर पातळ सुती बॅटिंगचं क्विल्ट बरं. पाहुण्यांच्या गर्दीत खाली अंथरायला आणि मोठ्या थंडीत पांघरायला (परभणीचं नाव थंडीच्या बातम्यांत येतंच) गोधडीला तोड नाही.

कापडाची निवडही त्यामुळे उलटी. गोधडीला जुनंच हवं. शेकडो वेळा धुतलेल्या सुती लुगड्यातून सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते. नव्या कापडाचे पाच थर टाचायला बसलात तर बोटाला अंगुस्तान असूनही रडाल. अडचण अशी की आता घराघरांत जुन्या साड्या आहेत त्या जॉर्जेट आणि पॉलिस्टरच्या. त्या निसटतात आणि घाम शोषत नाहीत. ओळखायला कडेचा एक दोरा काढून जाळावा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून टणक मणी बनतो. एखादीच अशी साडी अगदी वर, दिसण्यापुरती चालेल. आत सुतीच घाला.

क्विल्टला उलट नवं, सारख्या जाडीचं, विणीत सरळ कापड हवं. इथे मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात न मोजलेला खजिना आहे, तो म्हणजे ओटीत आलेले ब्लाउजपीस. एकमेकींकडे फिरत राहणारे, कुणीच न शिवणारे. त्यातले टू बाय टू रुबिया आणि चांगले सुती वेगळे काढा, आधी धुऊन घ्या (लाल आणि जांभळा हमखास रंग सोडतात), इस्त्री करा. दहा-बारा ब्लाउजपीसांत एका पलंगाच्या क्विल्टचा वरचा थर सहज निघतो. सुयाही वेगळ्या. गोधडीला लांब, मोठ्या नेढ्याची सुई आणि दुहेरी जाड सुती दोरा. हाताने क्विल्ट टाचायला आखूड, बारीक सुई आणि एकेरी दोरा. पायमशीनवर करणार असाल तर दाबाचा स्क्रू सैल करा आणि टाका 3 मिलिमीटरचा ठेवा. आधी तिन्ही थर मुठीमुठीच्या अंतरावर सेफ्टी पिनांनी अडकवून घ्या. गोधडीला पिना नकोत, मोठे कच्चे टाके आणि चार कोपऱ्यांवर चार वजनदार डबे पुरतात.

नकाशाशिवायही क्विल्ट होतं, हे नोंदवायला हवं. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाचे झिजलेले कपडे फाडून, डोळ्यांच्या मापाने क्विल्ट जोडले. 2002 मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन संग्रहालयात लागलं आणि 2006 मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांवर दहा तिकिटं काढली. ती तिकिटं पाहिली की आपल्या घरातली वाकळ आठवते. तरी रचना क्विल्टचीच, आत भरण असलेली. तुम्हाला नमुन्यांसाठी काही पाहायचंच असेल तर माझ्या मते हेच पाहा.

माझ्या त्या फसलेल्या क्विल्टचं पुढे काय झालं ते सांगते. एक कड उसवली, फायबर काढून उशीत भरला, आत सासूबाईंची दोन विटकी लुगडी घातली आणि कडेपासून आत फेरे घालत पुन्हा टाचलं. जोडांच्या शिवणींवर सुई अडकायची, कारण तिथे कापड दुप्पट जाड होतं. मग सासूबाईंनी दाखवलं तसं शिवणीवरून न जाता तिच्या बाजूने, दोन सुतांवरून टाका नेला.